अणुसंहाराचे वाङ्मय आणि कालतत्त्व

१

एखाद्या शस्त्राची शक्ती सांगावयाची झाली म्हणजे आपण प्रथम आकड्यांकडे वळतो. ता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमा शहरावर सुमारे ६०० मीटर उंचीवर जो बॉम्ब फुटला त्यात सुमारे ६४ किलो युरेनियम होते. त्यापैकी एक किलोहूनही कमी युरेनियमाचे विखंडन झाले, आणि प्रत्यक्ष ऊर्जेत रूपांतर पावलेले वस्तुमान तर एक ग्रॅमही भरत नव्हते. एवढ्यातून जी ऊर्जा मुक्त झाली ती टी. एन. टी. ह्या स्फोटकाच्या सुमारे पंधरा हजार टनांइतकी होती. स्फोटबिंदूच्या खालची जमीन तीन ते चार हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापली. सुमारे दोन किलोमीटरच्या टप्प्यातील बहुतेक घरे कोसळली व जळून गेली. आणि त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मरण पावली असा अंदाज आहे. तीन दिवसांनी नागासाकीवर प्लुटोनियमचा बॉम्ब पडला. तेथे वर्षअखेरपर्यंत सुमारे ७०,००० माणसे दगावली.

हे आकडे प्रत्येक सुशिक्षित माणसास ठाऊक असावेत असेच आहेत. तथापि त्यांत एक उणीव आहे, आणि ती वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या लवकर ध्यानात यावयास हवी. आकडा हा घटनेचे क्षेत्र सांगतो, तिचा काल सांगत नाही. हवेत झालेल्या अशा स्फोटाच्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी ऊर्जा दाबाच्या लाटेत, एक तृतीयांशाहून थोडी अधिक उष्णतेत आणि उरलेली किरणोत्सर्गात जाते. दाबाची लाट आणि उष्णता ही आपले काम काही सेकंदांत आटोपतात, आणि त्यांनी पेटविलेल्या आगी काही तासांत. किरणोत्सर्गाची रीत वेगळी आहे. शरीरातील ज्या पेशी सतत नव्या होत असतात, म्हणजे अस्थिमज्जेतील, आतड्याच्या अस्तरातील, केसांच्या मुळांशी असलेल्या, त्यांवर तो आघात करतो. म्हणून अंगावर ओरखडाही नसलेला माणूस आठवड्या-दोन आठवड्यांनी केस गळू लागून, हिरड्यांतून रक्त येऊन मरतो. हिरोशिमात वाचलेल्यांमध्ये रक्ताचा कर्करोग सुमारे दोन वर्षांनी वाढू लागला व सहा ते आठ वर्षांनी त्याचे प्रमाण शिगेस पोहोचले. इतर कर्करोगांची वाढ सुमारे दहा वर्षांनंतर दिसू लागली.

याचा अर्थ असा की ह्या शस्त्राचा स्फोट क्षणाचा आणि कृती आयुष्यभराची आहे. त्याच्या वर्णनास जे वाङ्मय हाती घेईल त्याच्यापुढे प्रथम हाच प्रश्न उभा राहतो : क्षण रंगवावयाचा की काल? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाच्या अनुरोधाने तीन कृतींचा विचार करण्याचे योजिले आहे. जॉन हर्सी ह्या अमेरिकन लेखकाचे ‘हिरोशिमा’, हारा तामिकी ह्यांची ‘उन्हाळी फुले’ ही कथा, आणि इबुसे मासुजी ह्यांची ‘काळा पाऊस’ ही कादंबरी, ह्या त्या कृती होत. दोन्ही जपानी कृती मी इंग्रजी भाषांतरावरून वाचल्या आहेत. भाषेच्या पोतासंबंधी त्यामुळे मला अधिकाराने बोलता येणार नाही. रचनेसंबंधी मात्र बोलता येईल.

२

तत्पूर्वी क्षणाचे वर्णन करणाऱ्या लेखनाची थोडी दखल घेणे अवश्य आहे. कारण जगाच्या मनावर पहिला ठसा त्याच लेखनाने उमटविला. न्यू यॉर्क टाइम्सचे विज्ञानविषयक बातमीदार विल्यम लॉरेन्स ह्यांनी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील १६ जुलै १९४५ चा चाचणीस्फोट पाहिला, आणि नागासाकीवरील स्फोट तर त्या मोहिमेतील एका विमानात बसून पाहिला. त्यांच्या वृत्तान्तात आकाशात चढत जाणारा धुराचा स्तंभ एखाद्या नव्याने जन्मलेल्या जिवंत प्राण्यासारखा अवतरतो. त्याचे रंग, त्याची घुसळण, त्याच्या माथ्यावर उमलणारे भूछत्र यांचे मोठ्या तन्मयतेने वर्णन येते. खाली एक शहर आहे ह्याची आठवण त्या वर्णनात क्वचितच राहते. ह्या लेखनावर लबाडीचा आरोप करण्याचे कारण नाही. लेखक जेथे उभा होता तेथून जे दिसत होते तेच त्याने लिहिले. दोष असेल तर तो दृष्टिस्थानाचा आहे. वरून पाहणाऱ्यास ढग दिसतो, आणि ढगाने खालचे सर्व काही झाकलेले असते.

ह्या वृत्तान्ताचा रस आपल्या परिभाषेत सांगावयाचा तर तो अद्भुत होय. अद्भुताचा उल्लेख झाला की मराठी वाचकास ज्ञानेश्वरीचा अकरावा अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही. आरंभीच ज्ञानदेवांनी त्या अध्यायाची रसव्यवस्था सांगून ठेविली आहे : शांताच्या घरी अद्भुत पाहुणा म्हणून आला आहे. आणि योगायोग असा की अणुबॉम्बच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध वाङ्मयीन उल्लेख ह्याच विश्वरूपदर्शनाचा आहे. बॉम्ब तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांचे प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर हे आर्थर रायडर ह्या प्राध्यापकांपाशी संस्कृत शिकले होते. वाळवंटातील स्फोट पाहून आपणास गीतेच्या अकराव्या अध्यायातील बत्तिसावा श्लोक आठवला असे त्यांनी १९६५ साली दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात सांगितले. तेव्हापासून तो श्लोक अणुयुगाचे बिरुद होऊन बसला आहे.

त्या उल्लेखासंबंधी दोन गोष्टी नोंदविण्यासारख्या आहेत. पहिली अशी की श्लोकातील ‘काल’ ह्या शब्दाच्या जागी इंग्रजीत ‘मृत्यू’ ह्या अर्थाचा शब्द आला. रायडर ह्यांच्या भाषांतरातही तोच आहे. तो अर्थ चुकीचा नाही. आपल्याकडेही काळ ओढवणे म्हणजे मरण येणेच. परंतु संस्कृतात व मराठीत ‘काल’ ह्या एकाच शब्दात मृत्यू आणि समय हे दोन्ही अर्थ नांदतात, आणि भाषांतरात त्यांपैकी समय तेवढा गळून गेला. वाळवंटात पाहणाऱ्याच्या दृष्टीने काही बिघडले नाही, कारण त्याच्यापुढे क्षणच होता. दुसरी गोष्ट अशी की त्या अध्यायात अर्जुन आहे. तो भयभीत होतो, त्याच्या अंगास कापरे भरते, आणि हे रूप आवर, पूर्वीचे सौम्य रूप दाखव, अशी तो प्रार्थना करतो. ज्ञानदेवांच्या निरूपणाची सारी कोवळीक ह्या प्रार्थनेभोवती आहे. बिरुद म्हणून श्लोक उचलला गेला तेव्हा अर्जुन मागेच राहिला. ज्या तीन कृतींचा येथे विचार करावयाचा आहे त्या, माझ्या मते, ह्या दोन गळालेल्या गोष्टींचा शोध घेणाऱ्या आहेत.

३

हर्सी ह्यांचे ‘हिरोशिमा’ ता. ३१ ऑगस्ट १९४६ च्या ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. संपादकांनी तो संपूर्ण अंक ह्या एकाच लेखनास दिला होता. स्फोटातून वाचलेल्या सहा व्यक्तींचे अनुभव त्यात आलटूनपालटून येतात. दोन डॉक्टर आहेत, एक जपानी धर्मोपदेशक व एक जर्मन पाद्री आहे, कारखान्यातील एक कारकून तरुणी आहे आणि तीन मुलांची विधवा आई असलेली एक शिवणकाम करणारी स्त्री आहे. सहा ह्या संख्येची निवड मार्मिक आहे. एक व्यक्ती घेतली असती तर ती नायक झाली असती, शंभर घेतल्या असत्या तर पुन्हा आकडा झाला असता. सहा माणसे वाचकास नावानिशी लक्षात ठेवता येतात.

पहिल्या प्रकरणातील एक तपशील विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. शहरात असलेल्या जवळजवळ कोणासही स्फोटाचा आवाज ऐकल्याचे आठवत नाही. लख्ख प्रकाश तेवढा आठवतो. दूरवरच्या गावांतील लोकांनी मात्र गडगडाट ऐकला. जपानी बोलण्यातही हा भेद उतरला आहे : जवळचे लोक त्या घटनेस ‘पिका’, म्हणजे लखलखाट, म्हणतात, दूरचे ‘पिकादोन’, म्हणजे लखलखाट आणि धडाका, असे म्हणतात. शिवाय प्रत्येकास असे वाटते की बॉम्ब नेमका आपल्याच घरावर पडला. ढगाखालच्या माणसास घटना समग्र दिसत नाही. स्वतःवर कोसळलेली तुळई आणि हाका मारणारी मुले एवढेच त्याला दिसते. हर्सी आपल्या निवेदनास ही मर्यादा जाणूनबुजून घालून घेतात. विशेषणे जवळजवळ नाहीत, निषेध नाही, लेखक कोठेही पुढे येत नाही. कारखान्यातील त्या तरुणीचा पाय पुस्तकांच्या कपाटाखाली चिरडतो हे ते जितक्या शांतपणे सांगतात तितक्याच शांतपणे, पुढे तिचा वाग्दत्त वर तिला भेटावयास येत नाही, हेही सांगतात. अद्भुतास येथे मुळी शिरकावच मिळत नाही.

तरीही १९४६ च्या पुस्तकास एक मर्यादा होती. ते वर्षभरात लिहिले गेले आणि वर्षापाशीच थांबले. ती मर्यादा लेखकासही जाणवली असावी, कारण जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९८५ साली, त्यांनी पुन्हा त्याच सहा माणसांचा मागोवा घेऊन पाचवे प्रकरण जोडले. कलादृष्ट्या हे प्रकरण पहिल्या चारांइतके बांधेसूद नाही. पण विषयाच्या दृष्टीने ते अपरिहार्य होते. शिवणकाम करणाऱ्या विधवेचा वर्षानुवर्षांचा थकवा, धर्मोपदेशक तानिमोतो ह्यांना १९५५ साली अमेरिकेतील एका मनोरंजनपर कार्यक्रमात नेऊन बॉम्ब टाकणाऱ्या विमानाच्या सहवैमानिकासमोर उभे करणे, हे सारे त्या स्फोटाचेच परिणाम आहेत. तानिमोतोंच्या जीवनकथेत मध्येच, कोणत्याही भाष्यावाचून, निरनिराळ्या राष्ट्रांच्या पहिल्या अणुचाचण्यांच्या तारखा येत राहतात. त्यांत १८ मे १९७४ ही तारीख आहे. भारतीय वाचक येथे थबकतो. आतापर्यंत तो दुसऱ्याच्या दुःखाचा वाचक होता. ह्या एका ओळीने तो त्या कालपटाचा भाग होतो. १९९८ च्या पोखरण येथील चाचण्या त्या पुस्तकानंतरच्या आहेत, त्या वाचकाने मनाशी जोडून घ्यावयाच्या. चाचणी करणे इष्ट की अनिष्ट हा वाद येथे काढावयाचा नाही. परंतु ज्या देशाने हे शस्त्र बाळगले आहे त्या देशाच्या भाषांतील टीकेने ह्या वाङ्मयाकडे केवळ परकीय साहित्याचा नमुना म्हणून पाहू नये, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

४

हारा तामिकी हे हिरोशिमाचेच. १९४४ साली पत्नी वारल्यावर ते आपल्या जन्मगावी परतले होते, आणि स्फोटाच्या वेळी घरातच होते. ‘उन्हाळी फुले’ १९४७ साली प्रसिद्ध झाली. तिचे मूळ शीर्षक ‘अणुबॉम्ब’ असे होते. परंतु त्या वेळी जपानात परकीय सत्तेची मुद्रणबंधने होती आणि ते शीर्षक टिकणे कठीण होते. बंधनामुळे झालेला हा बदल कलेच्या दृष्टीने मात्र भाग्याचा ठरला. कथेचा आरंभ पत्नीच्या थडग्यावर फुले वाहण्याने होतो. एक माणूस एका मृत व्यक्तीसाठी फुले विकत घेतो, पाणी घालतो, उदबत्ती लावतो. मरणास माणसाने दिलेले हे रूप आहे. त्यानंतर दोन दिवसांनी त्याच शहरात हजारो प्रेते अशी पडतात की ज्यांना फूल नाही, नाव नाही, रूपही नाही. आरंभीच्या त्या साध्या प्रसंगामुळे पुढचा संहार मोजण्याचे माप वाचकाच्या हाती येते.

ह्या कथेतील एक प्रसंग कोणी विसरेल असे वाटत नाही. निवेदकाचा भाऊ कुटुंबासह गाडीतून जात असता वाटेत एक प्रेत पाहतो आणि पिवळ्या विजारीवरून ते आपल्या लहान मुलाचे आहे हे ओळखतो. तो मुलाचे नख व पट्टा आठवणीसाठी घेतो, प्रेतास नावाची चिठ्ठी बांधतो आणि सर्वजण पुढे जातात. रडण्यास तेथे जागाच उरलेली नाही. करुण रसाची आपली कल्पना अशी आहे की शोकास व्यक्त होण्यास अवसर मिळाला पाहिजे. विलाप हा करुणाचा देह होय. हारा दाखवितात ते असे की ह्या शस्त्राने माणूस मारलाच, पण त्यामागून शोक करण्याचा अवकाशही नष्ट केला. उद्ध्वस्त शहराचे चित्र काढताना ते जपानी लिपीच्या नेहमीच्या वळणास सोडून, परकीय शब्दांसाठी वापरल्या जाणाऱ्या टोकदार अक्षरांत काही ओळी लिहितात. नेहमीची अक्षरेदेखील येथे अपुरी पडतात असा त्यांना प्रत्यय आला. कथेचा शेवट एका माणसाच्या शोधावर होतो. तो पत्नीचे प्रेत शोधीत अनेक दिवस हिंडतो, असंख्य चेहरे पालथे घालतो, आणि त्याला ते सापडत नाही. आरंभी थडगे आहे; शेवटी थडगेही नाही. हारा ह्यांनी १९५१ साली आत्महत्या केली.

५

इबुसे मासुजी ह्यांची कादंबरी ह्या सर्वांहून कालदृष्ट्या दूरची. ती १९६५-६६ मध्ये ‘शिंचो’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. इबुसे हिरोशिमा प्रांताचे, परंतु स्फोटाच्या दिवशी ते शहरात नव्हते. एका प्रत्यक्ष साक्षीदाराची दैनंदिनी त्यांच्या हाती आली व तिच्या आधारे त्यांनी ही कादंबरी रचली. पहिल्या काही हप्त्यांचे शीर्षक ‘भाचीचे लग्न’ असे होते. कादंबरीचे मर्म ह्या टाकून दिलेल्या शीर्षकात आहे.

कथानक असे. युद्धास काही वर्षे उलटली आहेत. कोबाताके खेड्यात शिगेमात्सु व त्याची पत्नी शिगेको ह्यांच्या घरी त्यांची भाची यासुको राहते. तिला स्थळे येतात आणि परत जातात. कारण ती स्फोटाच्या दिवशी हिरोशिमात होती अशी गावात कुजबूज आहे. एक चांगले स्थळ येते. मध्यस्थाकडून विचारणा होते की मुलगी त्या दिवशी नेमकी कोठे होती? मुलगी निरोगी आहे हे पटविण्यासाठी शिगेमात्सु तिची व स्वतःची दैनंदिनी उतरवून काढावयास बसतो. स्फोटाच्या क्षणी यासुको शहराबाहेर होती हे खरे आहे. पण नातलगांकडे परतताना तिच्या अंगावर काळा पाऊस पडला. साबणाने धुऊनही त्याचे डाग जाईनात. मामा जसजसा उतरवीत जातो तसतसा तोच पुरावा त्याच्या विरुद्ध जाऊ लागतो. आणि एक दिवस यासुकोच्या अंगी रोगाची लक्षणे दिसू लागतात. ती लाजेने प्रथम ती लपविते. लग्न मोडते.

मराठी वाचकास ह्या घरात परके वाटण्याचे कारण नाही. स्थळ, मध्यस्थ, आडून केलेली चौकशी, मुलीचे आरोग्य सांगताना घरच्या वडीलधाऱ्यांनी तोलून वापरलेले शब्द हे सारे त्याने आपल्या घरी पाहिलेले असते. रसशास्त्रात ज्यास साधारणीकरण म्हणतात ते येथे ह्या मार्गाने घडते. तीन हजार अंशांचे तापमान कोणाच्याही अनुभवात नाही. पण घरातील मुलीचे लग्न दुसऱ्यांदा मोडणे हे अनुभवात आहे. इबुसे अनुभवाबाहेरची घटना अनुभवातील घटनेच्या दारातून आत आणतात.

कादंबरीची रचनाही ह्याच हेतूस अनुसरून आहे. वर्तमानकाळ संथ आहे : शेतीची कामे, गावचे सण, तळ्यात कार्प मासे पाळण्याचा उद्योग. किरणोत्सर्गाने आजारी असलेल्यांना कष्टाचे काम झेपत नाही, म्हणून ते मासे पाळतात, आणि गावकरी त्यांना आळशी म्हणून टोमणे मारतात. त्या संथ वर्तमानात उतरविली जात असलेली दैनंदिनी म्हणजे १९४५ चा ऑगस्ट. दोन काल एकमेकांशेजारी वाहतात, आणि भूतकाळ हा संपलेला नसून भाचीच्या शरीरात चालू आहे हे वाचकास हळूहळू उमगते. शिगेमात्सुलाही तो ढग दिसतो. परंतु इबुसे त्यास जेलीफिशची उपमा देतात, आणि लवकरच दृष्टी रस्त्यावरच्या माणसांकडे वळवितात. स्वतःचा गाल भाजला आहे हे शिगेमात्सुला काही वेळाने, चेहऱ्यावरून हात फिरविताना कळते. पुढे कारखान्यात मेलेल्यांसाठी भिक्षू मिळेनात तेव्हा वरिष्ठांच्या सांगण्यावरून हाच माणूस मंत्रपाठ उतरवून आणतो आणि अंत्यविधी करू लागतो. ह्या प्रसंगात किंचित विनोदही आहे, आणि त्या विनोदाने करुणाचे सामर्थ्य वाढते. हारा ह्यांच्या कथेत शोकाचा अवकाश नाहीसा झाला होता. इबुसे तो एका कारकुनी वृत्तीच्या माणसाच्या हातून, चुकतमाकत, परत मिळवितात.

कादंबरीच्या शेवटी दैनंदिनी १५ ऑगस्टपाशी येते. सम्राटाचे भाषण चालू असता शिगेमात्सु बाहेर पडतो आणि ओढ्याच्या पाण्यात वाम माशांची इवली पिल्ले प्रवाहाविरुद्ध वर चढत आहेत ती पाहतो. उतरविण्याचे काम संपते. मग तो टेकड्यांकडे पाहून मनाशी म्हणतो की तेथे जर रंगीत इंद्रधनुष्य दिसले तर यासुको बरी होईल. आणि ते होणार नाही हेही त्यास ठाऊक आहे. अकराव्या अध्यायातील अर्जुनाची प्रार्थना मला येथे आठवते. भेद एवढाच की येथे प्रार्थना ऐकावयास कोणी नाही, आणि रूप आवरले जात नाही.

ह्या कादंबरीस दोष नाहीत असे नव्हे. मूळ दैनंदिनीवर ती किती अवलंबून आहे ह्यासंबंधी जपानात पुढे बराच वाद झाला. तो निष्कारण नव्हता, तरी दोन कालांची जी जुळणी वर सांगितली तिची योजना कादंबरीकाराच्या दृष्टीची आहे असे मला वाटते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्या शहरात हजारो कोरियन माणसेही होती व तीही मेली. ती हर्सी किंवा इबुसे ह्यांच्या कथनाच्या केंद्रस्थानी येत नाहीत. ढगाखालून पाहणाऱ्यासही सर्व काही दिसते असे नाही.

६

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल की ह्या कृतींचे मोल त्यांतील माहितीमुळे आहे, कलेमुळे नाही. प्रत्यक्ष घटना एवढी भयंकर असता कोणीही लिहिले तरी परिणाम होणारच. अनुभव ह्याच्या उलट आहे. भयंकर घटनेचे भयंकर शब्दांत केलेले वर्णन मनास लवकर बधिर करते, आणि दूरचे, डोळे दिपविणारे वर्णन त्या शस्त्राची भव्यताच मनावर ठसविते. परिणाम घडतो तो निवडीने : सहा माणसे, थडग्यावरची फुले, मोडलेले लग्न. सत्य जसेच्या तसे पोहोचविण्यासाठीच येथे कलेची गरज पडली आहे.

आणि त्या सत्याचे मर्म कालाशी निगडित आहे. काळ्या पावसाने भिजलेल्या, पण सरकारी नकाशाच्या रेषेबाहेर राहिलेल्या ८४ व्यक्तींना अणुपीडित म्हणून मान्यता द्यावी असा निर्णय हिरोशिमाच्या उच्च न्यायालयाने २०२१ च्या जुलैमध्ये दिला. पाऊस १९४५ चा आणि निवाडा शहात्तर वर्षांनंतरचा. त्या दिवशी आपली भाची कोठे होती हे सिद्ध करण्यासाठी शिगेमात्सु जी वही घेऊन बसला होता, ती वही इतक्या वर्षांनी न्यायालयापुढे उघडली गेली असेच म्हणावेसे वाटते. २०२४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक अणुपीडितांच्या ‘निहोन हिदांक्यो’ ह्या संघटनेस मिळाले तेव्हा साक्ष देऊ शकणारे पुष्कळसे हयात नव्हते, आणि जे होते ते अतिशय वृद्ध होते. साक्षीदार गेल्यावर साक्ष उरते ती वाङ्मयात.

श्लोकातील ‘काल’ ह्या शब्दाचा जो अर्थ भाषांतरात गळला तो ह्या कृतींनी असा परत आणला आहे. वाळवंटात उभ्या असलेल्या विद्वानास त्या शब्दात मृत्यू दिसला. कोबाताकेच्या तळ्याकाठी बसलेल्या मामास त्यात समय दिसला. त्या शस्त्राचे यथार्थ नाव कोणते, हे ठरविताना दुसऱ्याची साक्ष अधिक प्रमाण मानावी लागेल.